विमा पॉलिस्या गहाण टाकून लंडनहून कॅमेरा आणला, पण खर्च तेवढ्यावर थांबला नाही : दादासाहेब फाळकेंची गोष्ट

नवरात्र जवळ आली की चंद्रपूर-गडचिरोलीकडच्या पोरांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दोनच विषय असतात. एक, पावसाळ्यात बंद असलेला ताडोबाचा कोअर १ ऑक्टोबरला उघडतोय तर पहिल्या आठवड्याचं बुकिंग कोणाला मिळालं. आणि दुसरा, सेलमध्ये डीएसएलआर कितीला पडतोय.

हे दोन्ही एकाच वेळी येतं, हीच खरी गंमत आहे. सफारीत मोबाइल चालत नाही. म्हणजे वाघाचा फोटो हवा असेल तर कॅमेराच पाहिजे. इकडे मोबाइल उघडला की ऑफर, कॅशबॅक आणि नो-कॉस्ट ईएमआय. मग काय, बटण दाबलं जातं. भामरागड-सिरोंच्याकडच्या आतल्या गावातलं पोरगं असेल तर पार्सलसाठी अहेरी-आलापल्लीतल्या नाहीतर थेट चंद्रपुरातल्या नातेवाइकाचा पत्ता टाकतं, पण मागवतंच.

मूलच्या माझ्या एका मित्राने असाच कॅमेरा घेतला. सोबत आलेली लेन्स १८-५५. मोहर्ली गेटमधून आत गेला, नशिबाने वाघ दिसला, साधारण ५० मीटरवर. घरी येऊन फोटो पाहिला तर वाघ शोधावा लागत होता. यात कॅमेऱ्याचा दोष काहीच नव्हता. साध्या डीएसएलआरवर ५५ मिलिमीटरला ५० मीटर अंतरावरची जवळजवळ २० मीटर रुंदीची जागा फोटोत मावते. त्यात वाघ दोन मीटरचा. म्हणजे फोटोच्या रुंदीचा जेमतेम दहावा हिस्सा वाघ आणि उरलेलं सगळं गवत. मग लांब पल्ल्याच्या लेन्सची किंमत बघितली, तर ती कॅमेऱ्यापेक्षा जास्त.

हे ऐकलं आणि मला दादासाहेब फाळके आठवले. कारण कॅमेरा खरेदीची मराठीतली सगळ्यात मोठी गोष्ट त्यांच्याच नावावर आहे. फरक इतकाच, की कॅमेऱ्याच्या मागे काय काय लागतं हे त्यांना कॅमेरा घ्यायच्या आधीच माहीत होतं.

तर गोष्ट सुरुवातीपासून बघू.

धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० चा, त्र्यंबकेश्वरचा. वडील संस्कृतचे पंडित. घरात पूजाअर्चा, पुराणं, पाठांतर. पुढे वडिलांना मुंबईत संस्कृत शिकवायची नोकरी लागली आणि कुटुंब मुंबईला आलं. पोराचा ओढा मात्र चित्रकलेकडे. १८८५ मध्ये जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये चित्रकलेचा कोर्स केला आणि नंतर मोठ्या भावासोबत बडोदा गाठलं.

बडोद्यात सयाजीराव गायकवाडांच्या राज्यात कलाभवन नावाची संस्था होती. आजच्या भाषेत सांगायचं तर आर्ट कॉलेज आणि आयटीआय एकाच छताखाली. फाळके तिथे रंगकाम शिकले, मूर्तिकाम शिकले, वास्तुकलेचा अभ्यास केला. आणि त्याच काळात त्यांनी पहिला कॅमेरा घेतला. साधा, स्थिर फोटो काढायचा.

आता तेव्हाचा फोटो म्हणजे बटण दाबलं आणि झालं असा प्रकार नव्हता. काच किंवा फिल्म अंधाऱ्या खोलीत धुवायची, रसायनं स्वतः मिसळायची, कागदावर छाप स्वतः घ्यायचा. एखादी गोष्ट चुकली की सगळं गेलं. कलाभवनाचे प्राचार्य गज्जर यांनी या पोराची धडपड पाहून त्याला रतलामला पाठवलं. तिथे त्यांनी तीन रंगांचे ठसे बनवणं, फोटोवरून शिळाछपाई करणं, डार्करूमचं काम असं सगळं हाताने शिकून घेतलं. परत आल्यावर गज्जरांनी संस्थेचा स्टुडिओ आणि प्रयोगशाळा त्यांना वापरायला दिली.

१८९२ मध्ये अहमदाबादच्या औद्योगिक प्रदर्शनात त्यांनी आदर्श नाट्यगृहाची प्रतिकृती केली, तिला सुवर्णपदक मिळालं. त्यांच्या कामावर खूश होऊन एका चाहत्याने त्यांना महागडा कॅमेराच भेट दिला. म्हणजे पंचविशीच्या आत या माणसाच्या हातात एकापेक्षा जास्त कॅमेरे येऊन गेले होते. पण त्यातून पोट भरेल अशी काही चिन्हं नव्हती.

१८९५ च्या सुमारास त्यांनी ठरवलं, फोटोग्राफर म्हणूनच धंदा करायचा. त्यासाठी गोध्रा गाठलं. स्टुडिओ टाकला. आणि मग प्लेग आला. १९०० च्या त्या साथीत त्यांची पत्नी गेली आणि मूलही गेलं. गोध्रा सुटलं.

परत बडोद्याला येऊन स्टुडिओ टाकला, तर तिथे वेगळंच लफडं. शहरात अफवा पसरली होती, की कॅमेरा माणसाच्या अंगातली शक्ती ओढून घेतो आणि माणूस मरतो. असली गोष्ट ऐकली की आपल्याकडच्या शहरी लोकांच्या डोळ्यासमोर लगेच जंगलातला पाडा येतो. पण ही अफवा त्या काळच्या एका पुढारलेल्या राजधानीतली होती. (गडचिरोलीत एखादी माडिया आजी कॅमेरा बघून तोंड फिरवते, तेव्हा त्यामागे बहुतेकदा एवढंच असतं की समोरच्याने विचारलेलं नसतं.) फाळक्यांनी राजघराण्यातल्या मंडळींची समजूत काढून त्यांचे फोटो काढले, पण धंदा काही बसला नाही. मग नाटक कंपन्यांचे पडदे रंगवायला घेतले.

१९०२ मध्ये त्यांचं दुसरं लग्न झालं. पत्नी गिरिजा करंदीकर, लग्नानंतरचं नाव सरस्वती. हे नाव लक्षात ठेवा, पुढच्या गोष्टीत कॅमेऱ्याइतकंच महत्त्वाचं आहे.

१९०३ मध्ये पुरातत्त्व खात्यात फोटोग्राफर आणि आराखडे काढणारा म्हणून सरकारी नोकरी लागली. आजच्या हिशेबाने सेटल झाल्यासारखं. पण स्वदेशीची चळवळ पेटली आणि या माणसाने ती नोकरी सोडली. लोणावळ्याला छापखाना काढला. राजा रविवर्म्यांच्या चित्रांच्या छपाईसाठी शिळाछाप तयार करायचं काम केलं. मग छापखाना मुंबईत दादरला आला, नवे भागीदार आले, त्याचं नाव लक्ष्मी आर्ट प्रिंटिंग वर्क्स झालं. १९०९ मध्ये रंगीत छपाईची यंत्रं आणायला ते जर्मनीला जाऊन आले. काम नावाजलं गेलं. आणि भागीदारांशी बिनसलं. १९११ मध्ये चाळिशी ओलांडलेला हा माणूस स्वतःच उभा केलेला छापखाना सोडून घरी बसला.

इथवर कोणी विचारलं असतं, तर त्यांची गोष्ट म्हणजे धरसोडीची गोष्ट वाटली असती. फोटो, प्लेग, पडदे, सरकारी नोकरी, छापखाना. कशातच टिकले नाहीत. पण जरा थांबून मोजा. प्रकाश कळला होता, लेन्स कळली होती, रसायनं कळली होती. पडदे रंगवता येत होते, परदेशातून यंत्र आणून जोडता येत होतं. हे सगळं एकत्र लागणारा धंदा भारतात अजून सुरूच व्हायचा होता.

एप्रिल १९११ मध्ये ते थोरला मुलगा भालचंद्र याला घेऊन गिरगावातल्या अमेरिका इंडिया पिक्चर पॅलेसमध्ये प्राण्यांवरचा सिनेमा बघायला गेले. पोराने घरी येऊन सांगितलं तर कोणाला खरं वाटेना, म्हणून दुसऱ्या दिवशी सगळं घर घेऊन गेले. ईस्टरचे दिवस होते, त्यामुळे त्या दिवशी येशू ख्रिस्ताच्या आयुष्यावरचा सिनेमा लागलेला. तो बघता बघता त्यांच्या डोक्यात राम आणि कृष्ण फिरायला लागले. आपली पुराणं अशी पडद्यावर का येऊ नयेत, हा प्रश्न तिथे पडला तो सुटलाच नाही.

त्यानंतर त्यांनी जे केलं ते सेलच्या सीझनमध्ये आपण कोणीच करत नाही. कॅमेरा घेतला नाही. आधी जवळपास वर्षभर अभ्यास केला. लागेल तो सिनेमा बघायचा, रोज रात्री बघायचा. परदेशातून पुस्तकं, कॅटलॉग, मासिकं मागवायची. फिल्मचे तुकडे आणून मेणबत्ती आणि भिंगाच्या उजेडात भिंतीवर पाडून बघायचे. इतकं, की डोळ्यांवर ताण येऊन दृष्टीच गेली. डॉक्टर प्रभाकर यांनी उपचार केले, तीन-चार चष्म्यांच्या आधाराने ती परत आली. परत आल्यावर काय केलं असेल? पुन्हा सिनेमे.

आता पैशाचा प्रश्न. घरात पैसा नव्हता. होत्या त्या विम्याच्या पॉलिस्या, बारा हजारांच्या. त्या गहाण टाकून दहा हजार रुपये उभे केले आणि फेब्रुवारी १९१२ मध्ये फाळके लंडनच्या बोटीत बसले.

एक छोटी गोष्ट इथेच सांगून टाकतो. विलायतेहून कॅमेरा मागवणारे फाळके पहिले नव्हते. त्यांच्या आधी पंधराएक वर्षं सावेदादा, म्हणजे हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर यांनी २१ गिनी मोजून इंग्लंडहून चलतचित्राचा कॅमेरा मागवला होता. १८९९ मध्ये त्यांनी मुंबईच्या हँगिंग गार्डनमध्ये कुस्ती चित्रित केली. घरबसल्या कॅमेरा ऑर्डर करणाऱ्या मराठी माणसांचे मूळपुरुष म्हणायचे तर ते सावेदादा. फाळके मात्र ऑर्डर न पाठवता स्वतः गेले.

लंडनमध्ये त्यांची ओळख कोणाशीच नव्हती. पण ते बायोस्कोप नावाच्या साप्ताहिकाचे वर्गणीदार होते. पिकॅडिली सर्कसजवळ त्याच साप्ताहिकाची पाटी दिसली आणि ते थेट संपादकांना जाऊन भेटले. संपादकांनी आधी त्यांना परावृत्तच करायचा प्रयत्न केला. भारतातल्या हवेत हे जमणार नाही असं त्यांचं मत होतं. पण समोरचा माणूस हौशी नाही हे बोलता बोलता कळलं, तेव्हा त्यांनीच फाळक्यांची गाठ सेसिल हेपवर्थ या नावाजलेल्या निर्मात्याशी घालून दिली. हेपवर्थनी आपल्या वॉल्टनच्या स्टुडिओचे सगळे विभाग दाखवले, चित्रीकरण कसं चालतं तेही दाखवलं. ते बघून झाल्यावर खरेदी.

घेतला तो विल्यमसन कंपनीचा कॅमेरा. किंमत ५० पौंड.

तेव्हा एका पौंडाला १५ रुपये पडायचे. म्हणजे कॅमेरा झाला ७५० रुपयांचा. आता हा आकडा कसा बघायचा? पुढे आपल्या पहिल्या सिनेमात राणीची भूमिका करायला फाळक्यांनी जो माणूस ठेवला, त्याचा महिन्याचा पगार १५ रुपये होता. म्हणजे त्याचा चार वर्षांहून जास्त पगार एका यंत्रात. पण दहा हजारांच्या कर्जाच्या हिशेबात बघितलं तर कॅमेरा साडेसात टक्के. बाकीचे पैसे कशाकशाला लागले असतील ते बघा. बोटीचं भाडं आणि लंडनचा मुक्काम. कोडॅकची कोरी फिल्म. आणि फिल्मला भोकं पाडायचं यंत्र, कारण त्यांनी घेतलेली फिल्म बाजूची भोकं न पाडता यायची. ती भोकं नसतील तर फिल्म कॅमेऱ्यात पुढे सरकतच नाही.

आपल्याकडे मेमरी कार्ड, जादाची बॅटरी, बॅग आणि लेन्सचा खर्च कार्टमध्ये शेवटी दिसतो. त्यांनी तो आधी मांडला होता.

१ एप्रिल १९१२ ला ते मुंबईत परतले आणि फाळके फिल्म्सची स्थापना केली. सामान बोटीने मे महिन्यात आलं. पेटीसोबत आलेल्या आकृत्यांवरून त्यांनी चार दिवसांत सगळं जोडून चालू केलं. कस्टमर केअर वगैरे काही नाही.

मग घरच्यांचं प्रशिक्षण सुरू झालं. फिल्मला भोकं पाडायची ती अंधारात, रात्री, कारण उजेड लागला की फिल्म खराब. ते काम सरस्वतीबाई शिकल्या. फिल्म धुणं शिकल्या. फाळक्यांनी आसपासच्या पोराबाळांना उभं करून चाचणीची चित्रं घेतली. कॅमेरा हाताने फिरवायचा होता. दर सेकंदाला दोन वेढे, एका वेढ्यात आठ चित्रं, असं त्या काळच्या कॅमेऱ्यांचं साधारण गणित. हात मंदावला की पडद्यावरची माणसं पळत सुटायची. डीएसएलआरमध्ये आपण एका बोटाने जे बदलतो, ते त्यांना मनगटात बसवावं लागलं.

तरीही सिनेमाला पैसे द्यायला कोणी तयार होईना. म्हणून फाळक्यांनी एक भन्नाट काम केलं. कुंडीत वाटाणे पेरले आणि कॅमेरा समोर ठेवला. महिन्याभराहून जास्त काळ थोड्याथोड्या वेळाने एकेक चित्र घेत राहिले. सगळी चित्रं सलग दाखवली तेव्हा मिनिटभरात कोंब फुटला, वेल झाली, वर चढली. या फिल्मचं नाव अंकुराची वाढ. आज टाइमलॅप्स म्हणून आपण रील टाकतो ते हेच. निवडक लोकांना त्यांनी ती दाखवली. यशवंतराव नाडकर्णी आणि नारायणराव देवहारे यांच्यासारख्यांनी कर्ज द्यायची तयारी दाखवली. कॅमेऱ्याने पहिली कमाई केली ती अशी, एका वाटाण्याच्या जोरावर.

मग राजा हरिश्चंद्र. ही गोष्ट बहुतेकांना माहीत असते म्हणून पटकन सांगतो. दादरला सेट लागला. तारामतीसाठी बाई मिळेना, तेव्हा ग्रँट रोडच्या एका हॉटेलातल्या अण्णा साळुंके या स्वयंपाक्याला उभं केलं. पगार १५ रुपये म्हणालो तो याचाच, हॉटेलात त्याला दहा मिळायचे. रोहिदास झाला स्वतःचा मुलगा भालचंद्र. सरस्वतीबाई सगळ्या कंपनीचा, म्हणजे साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक करायच्या, दिवसा उन्हात पांढरी चादर धरून कलाकारांवर उजेड पाडायच्या आणि रात्री फिल्मला भोकं पाडायच्या. सिनेमाच्या श्रेयनामावलीत त्यांच्या कामाला काय म्हणायचं? रिफ्लेक्टर, लॅब, कॅटरिंग, सगळ्या खात्यांवर एकच नाव आलं असतं.

बाहेरचं चित्रीकरण वांगणीला होतं. कंपनीची मंडळी लाकडी तलवारी-भाले घेऊन आधी पोहोचली आणि गावकऱ्यांना वाटलं दरोडेखोर आले. पोलीस पाटलाने फौजदाराला कळवलं आणि सगळे कलाकार आत. फाळके मागून पोहोचले, समजावलं, शेवटी फिल्म न घालताच कॅमेरा फिरवून दाखवला तेव्हा सुटका झाली. गेटवर बॅग उघडून लेन्स दाखवताना वनरक्षकाच्या चेहऱ्यावर शंका दिसली तर वाईट वाटून घेऊ नका, परंपरा जुनी आहे.

सहा महिने आणि २७ दिवसांत सिनेमा पूर्ण झाला. लांबी सुमारे ३,७०० फूट. २१ एप्रिल १९१३ ला ऑलिम्पिया थिएटरमध्ये निमंत्रितांना दाखवला आणि ३ मे १९१३ ला गिरगावच्या कोरोनेशनमध्ये लोकांसाठी लागला. लोकांनी डोक्यावर घेतला.

पुढे फाळके नाशिकला गेले. मोहिनी भस्मासुर आला, त्यात दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमला या पडद्यावर दिसल्या, म्हणजे आता बायका मिळायला लागल्या होत्या. १९१४ मध्ये सिनेमे घेऊन ते पुन्हा लंडनला गेले. तिथेच राहून काम करायचा प्रस्ताव आला होता, तो नाकारून परत आले. १९१७ च्या लंकादहनात साळुंकेच राम आणि साळुंकेच सीता. गल्ल्याची नाणी बैलगाडीतून न्यावी लागली, असं सांगितलं जातं.

याच काळात कोल्हापुरात एक वेगळी धडपड चालू होती. बाबूराव पेंटर आणि आनंदराव मेस्त्री या भावांनी राजा हरिश्चंद्र पाहिल्यावर सिनेमा काढायचं ठरवलं. विलायती कॅमेरा परवडणारा नव्हता, म्हणून कॅमेराच बनवायला घेतला. १९१६ मध्ये आनंदराव गेले, पण बाबूरावांनी दामल्यांच्या मदतीने तो पुरा केला आणि १९२० चा सैरंध्री त्यातून आला. फाळक्यांच्या सिनेमाचा याहून मोठा परिणाम मला तरी माहीत नाही.

फाळक्यांचं स्वतःचं मात्र पैशाशी कधी जमलं नाही. १९१८ मध्ये भांडवलदार भागीदारांसोबत हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी काढली. कालिया मर्दनमध्ये मुलगी मंदाकिनीला कृष्ण केलं. पण खर्चावरून भागीदारांशी खटके उडाले, ते वैतागून बाहेर पडले, काशीला जाऊन रंगभूमी नावाचं नाटक लिहिलं आणि पुन्हा कंपनीत आले. मग बोलपट आला. ज्या माणसाने कॅमेऱ्याचा प्रत्येक स्क्रू शिकून घेतला होता, त्याच्यासमोर आता मायक्रोफोन होता. सेतुबंधन मूक म्हणून काढला, नंतर त्याला आवाज जोडावा लागला. कोल्हापूर सिनेटोनसाठी केलेला १९३७ चा गंगावतरण हा त्यांचा एकमेव बोलपट. त्यानंतर कॅमेरा सुटला. १६ फेब्रुवारी १९४४ ला नाशिकमध्ये त्यांचं निधन झालं. त्यांच्या नावाचा पुरस्कार सुरू व्हायला आणखी २५ वर्षं लागली.

मूलच्या मित्राचं काय झालं, हे राहिलंच. त्याने लेन्स घेतली नाही. १८-५५ वरच तो वर्षभर घराजवळच्या तळ्यावर जाऊन सकाळच्या उजेडात धिवरांच्या डोंग्यांचे फोटो काढत बसला. पावसाळ्यात लेन्सला बुरशी धरू नये म्हणून हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून कॅमेरा ठेवायला शिकला. यंदाच्या ताडोबा ट्रिपसाठी मोठी लेन्स दोन दिवसांच्या भाड्याने घ्यायची ठरली आहे. सेलमधून त्याने फक्त मेमरी कार्ड मागवलंय.